तलावाची तपासणी आपण होऊन बोलवावी का?

प्रश्न थोडक्यात असा: पत्र लिहिणाऱ्या ताई सिंहगड रस्त्यालगतच्या १४० सदनिकांच्या सोसायटीच्या सचिव आहेत. सोसायटीत १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद उघडा तलाव आहे, शेजारी लहान मुलांचा बेबी पूल आहे आणि क्लबहाऊसमध्ये सहा जणांची जकुझी आहे. देखभाल ठेकेदाराकडे. संध्याकाळी एक प्रशिक्षक बाहेरच्या मुलांचीही बॅच घेतात, त्याची फी सोसायटीला मिळते. सुट्टी लागल्यापासून मुलांचे डोळे लाल होतायत, दोघांचे कान ठणकले, एकाच्या पाठीवर-मांड्यांवर पुरळ उठलं. ठेकेदार म्हणतो, "क्लोरीन भरपूर आहे, वास येतोय ना? आणि परवाना आमच्याकडे आहे." एक सभासद महापालिकेत तक्रार करायच्या तयारीत आहेत. अध्यक्ष म्हणतात, "तपासणी बोलावली तर ऐन मे महिन्यात तलावाला कुलूप लागेल." आपण होऊन तपासणी बोलवावी, की ठेकेदारावर भरवसा ठेवून हंगाम काढावा, असं ताई विचारतात.

सचिव ताई,

तुम्ही मांडलेल्या दोन्ही वाटांत पाणी कसं आहे ते दुसऱ्या कुणीतरी सांगायचं आहे. वास्तविक ते तुम्हाला स्वतःला दहा मिनिटांत कळू शकतं, आणि कळलं की निम्मा पेच उरतच नाही. म्हणून परवान्याकडे नंतर येऊ. आधी वासाचं बघू.

वास येतोय म्हणजे क्लोरीन भरपूर, हे ठेकेदाराचं म्हणणं नेमकं उलटं आहे. मोकळं, म्हणजे अजून कशाशीही न जोडलेलं क्लोरीन योग्य प्रमाणात असलेल्या तलावाला फारसा वास येत नाही. नाकाला झोंबतो तो क्लोरामाइनचा वास. घाम आणि लघवी यांतल्या नायट्रोजनयुक्त द्रव्यांशी क्लोरीन जोडलं गेलं की क्लोरामाइन तयार होतं. त्याने डोळे चुरचुरतात, खोकला येतो, आणि जंतू मारण्याच्या कामात ते मोकळ्या क्लोरीनपेक्षा फारच मंद असतं. म्हणजे वास आणि लाल डोळे एकत्र दिसले, तर मुलं जास्त झाली आणि मोकळं क्लोरीन कमी पडलं, अशी शंका आधी घ्यायची.

ही शंका मोजून फेडता येते, पण कशाने मोजता त्याला महत्त्व आहे. बहुतेक सोसायट्यांत दोन बाटल्यांचा छोटा डबा असतो: एका बाटलीचे थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, दुसरीचे टाकले की लालसर. पिवळं करणारं द्रावण म्हणजे ओटीओ. ते एकूण क्लोरीन दाखवतं, मोकळं आणि अडकलेलं (क्लोरामाइन झालेलं) दोन्ही मिळून. त्यामुळे पाण्यात नुसतं क्लोरामाइन साठलेलं असलं तरी डब्यात छान पिवळा रंग येतो आणि ठेकेदार प्रामाणिकपणेच "भरपूर आहे" म्हणतो. तुम्हाला डीपीडीचा संच हवा. त्यात पहिल्या गोळीने मोकळं क्लोरीन गुलाबी रंगात दिसतं, तिसऱ्या क्रमांकाच्या गोळीने एकूण. एकूणमधून मोकळं वजा केलं की उरतं ते अडकलेलं. मोकळं १ ते ३ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) असावं, अडकलेलं ०.४ च्या वर जाऊ देऊ नये. एक फसवी जागा सांगून ठेवतो: क्लोरीन फारच जास्त झालं असेल तर डीपीडीचा गुलाबी रंग उमटतो न उमटतो तोच उडून जातो आणि वाचन शून्य दिसतं. आकडा अविश्वसनीय वाटला तर तलावाचं पाणी क्लोरीन नसलेल्या साध्या पाण्याने पाचपट पातळ करून पुन्हा मोजा आणि येईल त्या आकड्याला पाचाने गुणा.

क्लोरीनइतकाच पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी, तो बघायचा. पाण्यात क्लोरीन दोन रूपांत असतं, एक जोरकस आणि एक आळशी. पीएच ७.२ असेल तर दोन तृतीयांश क्लोरीन जोरकस रूपात असतं, ७.५ ला निम्मं, आणि ८ ला जेमतेम पाव. खडकवासल्याच्या नळाच्या पाण्यापेक्षा तुमच्या भागातलं बोअर आणि टँकरचं पाणी जड. त्यात हायपो (सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण) किंवा ब्लीचिंग पावडर पडली की पीएच आणखी वर सरकतो. म्हणजे कागदावर २ पीपीएम आणि कामाला अर्धासुद्धा नाही, असं सहज होतं. जागतिक आरोग्य संघटनेने क्लोरीन वापरणाऱ्या तलावांसाठी ७.२ ते ७.८ हा पट्टा सांगितलाय, तुम्ही ७.२ ते ७.६ मध्ये ठेवायचा प्रयत्न करा. पीएच मात्र डोस टाकण्याआधी मोजा. क्लोरीन खूप असताना पीएच दाखवणाऱ्या लाल द्रावणाचा रंग बिघडून जांभळा होतो, पीएच खोटाच चढा दिसतो आणि माणूस उगाच ॲसिड ओततो.

आता ठेकेदाराला एकच प्रश्न विचारा: रोज काय टाकता? उत्तर बहुधा "टीसीसीए" असं येईल, म्हणजे ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड, गोळ्या किंवा दाणेदार. वापरायला सोपी, उन्हात टिकणारी वस्तू आहे, म्हणून सगळ्यांची आवडती. पण तिच्यातून दर १ पीपीएम क्लोरीनमागे सुमारे ०.६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड पाण्यात उतरतं. क्लोरीन खर्च होतं, हे ॲसिड होत नाही. रोज २ पीपीएम या हिशोबाने दोन महिन्यांत ते सत्तरीच्या पुढे जातं. थोडं असायला हवंच, कारण उघड्या तलावात ते नसेल तर मेच्या उन्हात दोन तासांत बहुतेक क्लोरीन उडून जातं. २०-३० पीपीएम पुरे. त्यापुढे मात्र ते क्लोरीनला इतकं धरून ठेवतं की जंतू मारायचा वेग मंदावतो. जागतिक आरोग्य संघटनेची कमाल मर्यादा १०० पीपीएम आहे. सायन्युरिक असलेल्या तलावात मोकळं क्लोरीन निदान २ पीपीएम ठेवायचं. आणि साठलेलं ॲसिड काढायला पाणी बदलण्याखेरीज व्यवहारात दुसरा उपाय नाही. तुमचा तलाव १२ बाय ६, सरासरी खोली १.२ मीटर धरली तर ८६,४०० लिटरचा. ॲसिड निम्म्यावर आणायला निम्मं पाणी सोडायचं, म्हणजे १० हजार लिटरचे चार टँकर आणि वर थोडं. हा खर्च ऐकला की समिती टीसीसीएवरून हायपोवर यायला लगेच तयार होते. रोजच्याला हायपो, टीसीसीए अधूनमधून, हे गणित पुण्यात परवडतं.

डोसाचा हिशोबही अंदाजपंचे नको. ८६,४०० लिटरमध्ये १ पीपीएम वाढवायला ८६ ग्रॅम क्लोरीन लागतं. ते मिळतं १० टक्क्यांच्या सुमारे ८६० मिलिलिटर हायपोतून, किंवा ३० टक्क्यांच्या सुमारे २९० ग्रॅम ब्लीचिंग पावडरमधून, किंवा ९० टक्क्यांच्या सुमारे ९६ ग्रॅम टीसीसीएतून. हायपोचे कॅन गच्चीच्या जिन्यात उन्हात ठेवलेले असतील तर लेबलावरचे १० टक्के महिनाभरात कितीतरी खाली आलेले असतात. सावलीत ठेवा, थोडे थोडे आणा.

समजा अडकलेलं क्लोरीन १ पीपीएम निघालं. मग शॉक डोस: मोकळं क्लोरीन त्याच्या दसपट, म्हणजे १० पीपीएमपर्यंत न्यायचं. तुमच्या तलावाला साधारण साडेआठ लिटर हायपो. शेवटची बॅच संपल्यावर टाका, पंप रात्रभर चालू ठेवा, आणि सकाळी मोकळं क्लोरीन ३ च्या खाली आल्याशिवाय कुणालाही उतरू देऊ नका. अर्धवट डोसाने उलट क्लोरामाइन वाढतं. "रोज थोडं जास्त टाकतो" हा ठेकेदारांचा लाडका उपाय म्हणूनच फसतो.

गाळणीचं थोडक्यात. वाळूच्या फिल्टरवरचा दाब स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा ०.५ ते ०.७ किलो वर गेला की बॅकवॉश करायचा, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून वाळू धुवायची. "दर रविवारी" अशी पद्धत गर्दीच्या आठवड्यात उशिराची आणि पावसाळ्यात पाणी वाया घालवणारी. बॅकवॉशमध्ये जाणारं पाणी नव्या पाण्याने भरून निघतं, तोही एक फायदाच. माणशी दिवसाला ३० लिटर नवं पाणी हा ढोबळ हिशोब धरतात. पाणी टंचाईच्या दिवसांत हे ऐकून समिती कपाळाला आठ्या घालेल, पण मग बॅचमधली मुलं कमी करा. पोहण्याआधी साबणाने शॉवर सक्तीचा केलात तर क्लोरीनचा खर्च खरोखर घटतो. पाटी लावून हे होत नाही, शॉवरच्या दाराशी माणूस उभा करावा लागतो.

बेबी पूलचं गणित वेगळं. पाणी थोडं, उथळ, उन्हाने तापलेलं, आणि लघवी करणारी मंडळी सगळ्यात जास्त. मोठ्या तलावाचं वाचन इथे चालत नाही. स्वतंत्र मोजायचं आणि गर्दीत दर तासाला मोजायचं. शी झाली तर घाबरू नका, पण प्रकार बघा. घट्ट असेल तर मुलांना बाहेर काढा, जाळीने उचला, मोकळं क्लोरीन २ पीपीएम आणि पीएच ७.५ किंवा कमी असं करून अर्धा तास तलाव बंद ठेवा. पातळ असेल तर क्रिप्टोस्पोरिडियमची शक्यता धरायची, आणि तो जंतू नीट क्लोरीन असलेल्या पाण्यातही सात दिवसांहून अधिक जगतो. त्याला २० पीपीएम क्लोरीन पावणेतेरा तास लागतं, तेही सायन्युरिक कमी असताना. बेबी पूल रिकामा करून धुऊन पुन्हा भरणं सोपं. दोन्ही तलावांचं पाणी एकाच बॅलन्सिंग टँकला (ओसंडणारं पाणी जमा होणाऱ्या टाकीला) जात असेल तर मात्र मोठाही तलाव बंद करावा लागेल. हा तपशील आजच ठेकेदाराकडून काढून घ्या. जुलाब झालेल्या मुलाला बरं वाटल्यावरही दोन आठवडे पाण्यात पाठवू नये, हे पालकांच्या ग्रुपवर तुम्हीच लिहा.

आता परवाना. ठेकेदार म्हणतो परवाना आमच्याकडे आहे. तो कागद मागा आणि चार गोष्टी वाचा: कुणाच्या नावाने, कोणत्या पत्त्यासाठी, कशासाठी, कधीपर्यंत. दहा सोसायट्यांत माणसं पाठवणाऱ्या धंद्याची शॉप ॲक्टची नोंदणी हा तुमच्या आवारातल्या तलावाचा परवाना नव्हे. सोसायटीच्या फायलीतून मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र काढा, त्यात तलाव आणि जकुझी दाखवलेत का बघा. मग क्षेत्रीय कार्यालयाच्या आरोग्य विभागाला समितीच्या लेटरहेडवर पत्र द्या आणि आवक शिक्क्याची पोच घ्या. पत्रात तीनच प्रश्न: फक्त सभासदांसाठीच्या तलावाला कोणता परवाना किंवा ना-हरकत लागते, फी घेऊन बाहेरची मुलं येत असतील तर काय बदलतं, पाण्याचे कोणते अहवाल किती काळाने द्यायचे. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर तेच प्रश्न माहिती अधिकारात, १० रुपयांच्या अर्जावर. आणि दुसऱ्या प्रश्नाचं लेखी उत्तर मिळेपर्यंत बाहेरची बॅच थांबवा. अध्यक्षांना न पटणारी हीच गोष्ट असेल, कारण पैसा तिथून येतो. पण फी घेऊन परक्याच्या मुलाला पाण्यात उतरवलं की "आमचा खासगी तलाव आहे" हे म्हणणं लंगडं पडतं.

तपासणी बोलवा. अध्यक्षांची भीती मला अगदीच निराधार वाटत नाही, पण ज्या कारणांसाठी अधिकारी तलाव बंद करेल त्या कारणांसाठी तुम्ही आजच बंद करायला हवा: मोकळं क्लोरीन शून्य, खोल बाजूच्या तळाची जाळी काठावरून स्पष्ट न दिसणं, जाळी तुटलेली किंवा सैल असणं, जीवरक्षक नसणं. तुटक्या जाळीला मी या यादीत सगळ्यात वर ठेवेन. पंपाच्या ओढीने केस किंवा हात अडकला तर मोठ्या माणसालाही सुटता येत नाही. यातली बाकीची बहुतेक कामं एका रात्रीची असतात. मे महिना बुडत नाही.

मात्र बोलावण्याआधी आठवडाभर नोंदवही नीट भरा. अधिकारी अर्धा तास थांबणार, आणि त्या अर्ध्या तासातलं पाणी बघणार. सकाळी सहाला उत्तम असलेलं पाणी दिवसभराच्या उन्हानंतर, संध्याकाळच्या बॅचच्या तोंडावर रिकामं असू शकतं. ते फक्त वहीत दिसतं. सकाळी उघडण्याआधी, दुपारी चारला आणि गर्दीत दर दोन तासांनी: वेळ, मोकळं, एकूण, पीएच, पाण्यात किती जण, काय आणि किती टाकलं, सही. सध्याची वही असेल तर तीही चाळा. महिनाभर रोज १.० आणि ७.४ असेच आकडे असतील तर ते मोजलेले नाहीत, पाण्याचे आकडे असे शिस्तीत वागत नाहीत. तक्रारीला निघालेल्या सभासदांना पहाटेच्या मोजणीला बोलवा आणि वहीत त्यांचीही सही घ्या. तक्रार करायची असेल तर करू द्या, पण हातात आकडे घेऊन.

जोडीला प्रयोगशाळेचा अहवाल हवा. राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा पुण्यातच आहे, आणि एनएबीएल मान्यता असलेल्या खासगीही आहेत. बाटली प्रयोगशाळेचीच घ्या, निर्जंतुक आणि आत सोडियम थायोसल्फेट घातलेली. बिसलेरीच्या बाटलीत पाणी नेलं तर त्यातलं क्लोरीन वाटेतच जंतू मारत राहतं आणि अहवाल खोटा चांगला येतो. गर्दीच्या वेळी, पाणी आत येण्याच्या तोटीपासून लांब, पृष्ठभागाच्या २०-३० सेंटिमीटर खालून भरा, बर्फाच्या डब्यात त्याच दिवशी पोचवा. क्लोरीन आणि पीएच जागेवरच मोजून बाटलीवर लिहा. ई. कोलाय आणि स्यूडोमोनास दोन्ही १०० मिलिलिटरमध्ये एकाहून कमी, आणि एकूण जिवाणू मिलिलिटरला २०० च्या आत असावेत. नुसतं "कोलिफॉर्म" तपासून चालत नाही, स्यूडोमोनास नाव घेऊन मागा. कानाच्या दुखण्यामागे हा जिवाणू वारंवार सापडतो. तुमच्या परिसराने जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसच्या (गुलेन-बॅरी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराच्या) साथीच्या वेळी पिण्याच्या पाण्यातलं क्लोरीन मोजायला शिकून घेतलंच आहे. ही मोजणी त्याहून अवघड नाही.

पंपाच्या खोलीत एकदा स्वतः उतरा. हायपो आणि ॲसिड एका कोपऱ्यात, टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडरला एकच माप, ओल्या लादीवर उघडी पोती, असं दिसलं तर तिथेच थांबवा. हायपोत ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर ओलाव्यात एकत्र आले तर पेट घेऊ शकतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या कासारवाडीच्या तलावावर क्लोरीन वायूची गळती होऊन पोहायला आलेल्यांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. रसायनं वेगळ्या जागी, वेगळी मापं, ॲसिड नेहमी पाण्यात, ॲसिडमध्ये पाणी कधी नाही.

राहिली जकुझी. पत्रात तुम्ही तिला अर्ध्या ओळीत उरकलंय, मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. त्या मुलाच्या आईला विचारा, पुरळ उठायच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत तो जकुझीत बसला होता का, आणि पुरळ पोहण्याच्या कपड्याखाली जास्त आहे का. दोन्हींचं उत्तर हो असेल तर स्यूडोमोनासची शक्यता दाट आहे. त्वचेच्या डॉक्टरांना ही माहिती देऊनच दाखवा. सहा माणसं थोडक्या गरम पाण्यात बसली की क्लोरीन मिनिटांच्या हिशोबात संपतं, आणि बुडबुड्यांनी जो तुषार उडतो त्यातून लीजिओनेला हा जिवाणू श्वासात जातो. वयस्कर माणसांना तो न्यूमोनियापर्यंत नेतो. म्हणून इथे मोकळं क्लोरीन निदान ३ पीपीएम, पाणी ४० अंशांच्या वर नाही, टीसीसीए अजिबात नाही, आठवड्याला पूर्ण रिकामी करून भिंती आणि फिल्टर घासून धुवायचा. गरोदर बायका आणि लहान मुलं बाहेर. ठेकेदाराच्या करारात जकुझीचं वेगळं कलम नसेल, तर ती आजवर कुणी साफ केलेली नाही असंच धरा. बाकीचं पुढच्या आठवड्यात करा, जकुझी आज संध्याकाळीच रिकामी करून दाराला कुलूप लावा.